माल भरपूर, पण हवा तो नाही: साठा आणि ग्राहकसेवा यांचा मेळ आयटमनिहाय कसा घालावा

महिन्याच्या आढावा बैठकीत दोन तक्रारी एकाच टेबलावर येतात. फायनान्सवाले म्हणतात, स्टॉकमध्ये पैसा अडकलाय, कमी करा. सेल्सवाले म्हणतात, माल नव्हता म्हणून ऑर्डर हातची गेली, वाढवा. प्लॅनर बिचारा मधे बसलेला असतो. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. एकूण साठा जास्त आणि नेमका हवा तो आयटम शून्य, ही स्थिती अपवादाने नव्हे, नेमाने दिसते.

यावर वरून येणारे हुकूमही ठरलेले: "सगळ्यांचा स्टॉक २० टक्के कमी करा" किंवा "सगळ्यांचा दीड महिन्याचा ठेवा". पहिल्या हुकुमात आधीच काठावर असलेले आयटम बुडतात, दुसऱ्यात आधीच पडून असलेल्या मालावर आणखी माल येऊन पडतो. खाली दिलेली रीत आयटमनिहाय आहे. एक्सेल येत असेल तर पुरे. आणि मला जे पुन्हा पुन्हा दिसलं ते आधीच सांगून टाकतो: जादा साठा आपण मागणीसाठी कमी आणि अनिश्चिततेसाठी जास्त ठेवतो, आणि त्या अनिश्चिततेचा मोठा वाटा अनेकदा ग्राहकाकडून येतच नाही, सप्लायरकडून येतो.

पायरी १: "सेवा" म्हणजे काय मोजणार, ते आधी ठरवा

"आमची सर्व्हिस लेव्हल ९५ टक्के आहे" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कशाचे ९५ टक्के? याची निदान तीन उत्तरं निघतात आणि तिन्हींचे आकडे वेगळे येतात.

पहिलं माप: एक ऑर्डर टाकल्यापासून ती येईपर्यंतच्या काळात माल संपला की नाही संपला. १०० वेळा ऑर्डर टाकली आणि ९५ वेळा माल संपण्याआधी गाडी आली, तर ९५ टक्के. याला सायकल सर्व्हिस लेव्हल म्हणतात. यात एक नग कमी पडला काय आणि ५०० पडले काय, नोंद एकच होते.

दुसरं माप फिल रेट. ग्राहकांनी मागितलेल्या नगांपैकी किती नग लगेच हातातून दिले. रोजच्या कामाला हेच माप जास्त उपयोगाचं, कारण कमतरता किती मोठी होती ते यात दिसतं.

तिसरं माप ग्राहकाच्या बाजूचं: पूर्ण ऑर्डर, मागितलेल्या तारखेला. इथे भल्याभल्यांची फसगत होते. समजा प्रत्येक आयटमची उपलब्धता ९५ टक्के आहे आणि ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये १० आयटम आहेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसेल तर दहाही एकाच वेळी मिळण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे साधारण ६० टक्के. तुमच्या रिपोर्टात ९५ आणि ग्राहकाच्या अनुभवात ६०. मग तो चिडतो, आणि आपण म्हणतो, "यांना कितीही द्या, कमीच."

तारखेचंही तसंच. मोजणी ग्राहकाने मागितलेल्या तारखेवर करा. आपण दिलेल्या तारखेवर केली तर तारीख पुढे ढकलून कुणीही १०० टक्के गाठू शकतो. मी एके ठिकाणी याच्याही पुढची युक्ती पाहिली आहे. महिनाअखेरीस अडकलेल्या ऑर्डर सिस्टीममधून रद्द करायच्या आणि एक तारखेला नव्याने टाकायच्या. रिपोर्टात सेवा ९८ टक्क्यांच्या खाली कधी गेलीच नाही. ग्राहक मात्र एकेक करून गेले.

पायरी २: आकडे धुऊन घ्या

हे कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते कुणी करत नाही. पण मळलेल्या आकड्यांवर लावलेलं सूत्र चुकीचं उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक देतं.

स्टॉकच्या नोंदीपासून सुरुवात करा. निकोल डेहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. कॉम्प्युटरवर १५ नग आणि बिनमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या खणात, शून्य, अशी नोंद सगळ्यांत घातक. सिस्टीम म्हणते माल आहे, त्यामुळे ऑर्डर टाकत नाही. माल नाही, त्यामुळे विक्री होत नाही. विक्री नाही, त्यामुळे आकडा १५ वरून हलत नाही. कुणीतरी जाऊन बिनमध्ये हात घालेपर्यंत हे असंच चालू राहतं. वर्षातून एकदा सगळं गोडाऊन बंद करून मोजण्यापेक्षा रोज थोडे आयटम मोजा, म्हणजे सायकल काउंट करा. जास्त उलाढालीचे महिन्याला, बाकीचे वर्षात एक-दोनदा. आणि बऱ्याच दिवसांत न हललेला पण स्टॉक दाखवणारा आयटम आधी.

मग मागणी. विक्री म्हणजे मागणी नव्हे. ज्या आठवड्यांत माल नव्हता त्या आठवड्यांत विक्री शून्य होती, याचा अर्थ कुणाला नको होता असा होत नाही. ते आठवडे सरासरीत धरले तर अंदाज खाली येतो, ऑर्डर कमी जाते, माल पुन्हा संपतो. असे आठवडे बाजूला काढा. एखाद्या प्रकल्पासाठी एकदाच उचललेले ५०० नगही बाजूला काढा. त्यांची नोंद ठेवा, पण नेहमीच्या हिशोबात घेऊ नका.

तिसरा आकडा लीड टाइम. परचेसच्या फाइलमध्ये "४ आठवडे" असं सप्लायरने कधीतरी सांगितलेलं लिहिलेलं असतं. ते विसरा. गेल्या आठ-दहा ऑर्डर काढा आणि गरज लक्षात आल्यापासून माल विक्रीयोग्य होऊन बिनमध्ये जाईपर्यंतचे दिवस मोजा. त्यात मंजुरीसाठी कागद पडून राहिलेले दिवस येतील, गाडी गेटवर उभी राहिलेली येईल, तपासणी येईल. सप्लायरच्या नावाने बोटं मोडण्याआधी हे जरूर करा. निम्मा उशीर आपल्याच इमारतीत सापडतो.

पायरी ३: आयटम वेगळे करा

हजारो आयटमना एकच नियम लावता येत नाही आणि प्रत्येकाला वेगळाही लावता येत नाही. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी मांडलेलं एबीसी वर्गीकरण अजून त्यासाठीच वापरतात: वर्षभराच्या उलाढालीनुसार उतरत्या क्रमाने यादी लावा, वरचे थोडे आयटम ए, मधले बी, उरलेले सी. त्याला मागणीच्या चढउताराची जोड द्या: स्थिर, बदलती, लहरी.

पण उलाढाल ही आपली बाजू झाली. चार पैशांची वॉशर नसेल तर ग्राहकाचं पूर्ण मशीन उभं राहतं, आणि एबीसीत ती वॉशर सी असते. म्हणून तिसरा रकाना हवाच: हा आयटम नसेल तर समोरच्याचं काय अडतं? काम थांबतं, गैरसोय होते, की काहीच नाही? स्पेअर पार्टवाले यालाच व्हीईडी (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल) म्हणतात. स्वस्त पण काम थांबवणारा आयटम दिसला की डोकं लावू नका, भरपूर ठेवा. त्यात अडकणारा पैसा नगण्य असतो. डोकं लावायचं ते महाग, लहरी आणि अत्यावश्यक अशा मोजक्या आयटमवर.

पायरी ४: एक आयटम हातात घेऊन पूर्ण हिशोब करा

पंपाचा एक सील घेऊ. गेल्या १२ आठवड्यांची मागणी अशी: ४०, ५२, ३६, ६१, ४४, ३९, ७०, ४८, ४२, ५५, ३३, ५६. बेरीज ५७६, सरासरी आठवड्याला ४८ नग. एक्सेलमध्ये प्रमाण विचलन काढलं तर ११ येतं. म्हणजे मागणी ४८ च्या आसपास साधारण ११ नगांनी वर-खाली होते.

आता गेल्या ९ ऑर्डरींना लागलेले आठवडे: ४, ३, ५, ४, ६, ३, ४, ३, ४. सरासरी ४, प्रमाण विचलन १ आठवडा.

लीड टाइममधली सरासरी मागणी ४८ गुणिले ४, म्हणजे १९२ नग. बहुतेक जण इथे थांबतात आणि वर "थोडा जास्तीचा" स्टॉक धरतात. तो थोडा म्हणजे किती, हाच तर सगळा प्रश्न आहे.

एकूण अनिश्चितता काढताना दोन तुकडे जोडायचे. पहिला तुकडा मागणीचा: लीड टाइम गुणिले मागणीच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे ४ गुणिले १२१, बरोबर ४८४. दुसरा तुकडा पुरवठ्याचा: सरासरी मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे २३०४ गुणिले १, बरोबर २३०४. दोन्हींची बेरीज २७८८, वर्गमूळ सुमारे ५३.

ते दोन आकडे पुन्हा बघा. ४८४ आणि २३०४. सगळी कंपनी "फोरकास्ट सुधारा, फोरकास्ट सुधारा" म्हणत असते, आणि इथे फोरकास्टचा वाटा एक पंचमांशही नाही.

९५ टक्के सायकल सर्व्हिस लेव्हलसाठी गुणक १.६४५ (प्रत्येक टक्क्याचा गुणक तयार तक्त्यात मिळतो). त्याने ५३ ला गुणलं की सेफ्टी स्टॉक, म्हणजे तो "थोडा जास्तीचा" माल, ८७ नग. रीऑर्डर पॉइंट, म्हणजे साठा ज्या आकड्यावर उतरला की नवी ऑर्डर टाकायची तो, १९२ अधिक ८७, म्हणजे २७९.

आता याच आकड्यांशी खेळून बघू, कारण खरी अक्कल तिथे येते. फोरकास्टची चूक निम्मी केली, ११ ची साडेपाच: सेफ्टी स्टॉक ८७ वरून ८१. सप्लायरला दामटून लीड टाइम ४ आठवड्यांवरून ३ वर आणला, पण अनियमितपणा तसाच राहिला: ८५. सप्लायरला घाई करायला न सांगता फक्त नियमित व्हायला सांगितलं, विचलन एका आठवड्यावरून अर्ध्यावर आलं: ५४. फोरकास्टच्या सॉफ्टवेअरवर पैसा ओतून ६ नग वाचतात आणि "४ आठवडे म्हणजे ४ आठवडे" एवढं पाळून ३३. प्रत्येक आयटमचं असंच असेल असं नाही. लहरी मागणी आणि जवळचा भरवशाचा सप्लायर असेल तर तराजू उलटा झुकतो. म्हणून तर दोन्ही तुकडे वेगवेगळे काढून बघायचे.

दोन चुका इथेच टाळा. रीऑर्डर पॉइंटशी तुलना करायची ती फक्त बिनमधल्या मालाची नव्हे. हातातला माल, अधिक वाटेवरचा, वजा ग्राहकांना द्यायचा बाकी, या तिन्हींची. बिनमध्ये १३० नग आहेत आणि २४० वाटेवर आहेत, तर एकूण ३७०. २७९ पेक्षा जास्त, ऑर्डर नको. नुसता बिन बघणारा माणूस घाबरून दुसरे २४० टाकतो, आणि दोन महिन्यांनी "हा एवढा स्टॉक कुणी मागवला?" अशी चौकशी सुरू होते.

दुसरी चूक: सेफ्टी स्टॉकला हात लागला की आरडाओरडा करणं. तो वापरायलाच ठेवलेला असतो. हिशोब बरोबर असेल तर साधारण निम्म्या वेळा नवी गाडी येईपर्यंत सेफ्टी स्टॉकमधला काही माल गेलेला असणारच. तो कधीच वापरला जात नसेल तर तुम्ही जास्त ठेवलाय.

पायरी ५: टक्का ठरवा, पण कशाचा ते लक्षात ठेवून

त्याच सीलसाठी ८४ टक्क्यांना ५३ नग लागतात, ९० ला ६८, ९५ ला ८७, ९८ ला १०८, ९९ ला १२३ आणि ९९.९ ला १६३. वर जाऊ तसा एकेक टक्का महाग होत जातो. ९५ वरून ९९ ला जाताना चार टक्क्यांसाठी ३६ नग लागले. ९९ वरून पुढच्या ०.९ टक्क्यासाठी ४०. १०० टक्क्यांचं आश्वासन देणाऱ्याने हा तक्ता एकदा समोर ठेवावा.

आता पहिल्या पायरीतला फरक इथे पैशात दिसतो. समजा साहेब म्हणाले, "९८ टक्के सेवा हवी." त्यांच्या मनात फिल रेट असतो, १०० मागितले तर ९८ द्या. प्लॅनर मात्र तक्त्यातून ९८ चा गुणक उचलतो आणि १०८ नग ठेवतो. आपण एका वेळी २४० नग मागवतो असं धरलं, तर ९८ टक्के फिल रेटला एका फेऱ्यात, म्हणजे एका ऑर्डरीमागे, सरासरी ४.८ नग कमी पडलेले चालतात, आणि त्याला सेफ्टी स्टॉक फक्त ५० पुरतो. शब्दाच्या घोळात निम्म्याहून जास्त जादा माल! उलटही होतं. एका वेळी ४८ नगच मागवत असाल तर ९५ टक्के सायकल सर्व्हिस लेव्हलला फिल रेट ९८ च्या आसपास येतो. तोच २४० च्या ऑर्डरीला ९९.५ वर असतो. लहान ऑर्डर म्हणजे वर्षातून जास्त फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात संपण्याची एकेक संधी.

टक्का किती असावा यावर मीटिंगा घालवू नका. दोन प्रश्न विचारा: एक नग कमी पडला तर किती नुकसान, आणि एक नग जास्त झाला तर किती? पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. कमी पडल्याचं नुकसान जास्तीच्या नुकसानाच्या ९ पट असेल तर ९ भागिले १०, म्हणजे ९० टक्के. हा विचार जुना आहे. बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी याच्या हिशोबासाठी फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्येच तो मांडला होता. एकदाच विकायच्या हंगामी मालाला तो जसाच्या तसा लागू पडतो. वर्षभर चालणाऱ्या मालाला निदान दिशा दाखवतो. कमी पडल्याच्या नुकसानात केवळ गेलेला नफा धरू नका. तातडीने दुसरीकडून आणण्याचा खर्च, दंड, आणि जो ग्राहक पुन्हा फोनच करणार नाही तोही त्यात येतो.

पायरी ६: किती आणि कधी मागवायचं

किती, याचं उत्तर फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये दिलं. वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरीचा खर्च गुणिले २. त्याला एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. ठेवण्याचा खर्च मालाच्या किमतीच्या वर्षाला २० ते ३० टक्के धरण्याचा प्रघात आहे. त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा, विमा, खराबी, जुनं होऊन वाया जाणं हे सगळं येतं. आपल्या सीलची वर्षाची मागणी २४९६. एका ऑर्डरीचा खर्च हा एक नग वर्षभर ठेवण्याच्या १२ पट असेल तर उत्तर २४५ च्या जवळ येतं. २४० म्हणा, २५० म्हणा. हे सूत्र फार माफ करणारं आहे: दीडपट मागवलं तरी ऑर्डर आणि साठवण यांचा एकत्रित खर्च फक्त ८ टक्क्यांनी वाढतो, दुप्पट मागवलं तर २५ टक्क्यांनी. म्हणून पेटी, पॅलेट, गाडी जशी भरेल तसा आकडा गोल करा आणि पुढे चला.

कधी, हा प्रश्न जास्त कसाचा आहे. अनेक ठिकाणी "महिन्यातून एकदा ऑर्डर" अशी परंपरा असते. मग सेफ्टी स्टॉकला फक्त लीड टाइम नव्हे, पुढच्या ऑर्डरीची वाट बघण्याचा काळही झाकावा लागतो. दर ४ आठवड्यांनी ऑर्डर असेल तर ४ अधिक ४, असे ८ आठवडे धरायचे. ९५ टक्क्यांना सेफ्टी स्टॉक ९४ येतो, आणि दोन ऑर्डरींमधला सरासरी माल ९६. मिळून सरासरी साठा १९० नग. दर आठवड्याला ऑर्डर टाकली तर ८९ अधिक २४, म्हणजे ११३. छान वाटतं, पण फसू नका: फेरे वाढल्याने फिल रेट ९९.४ वरून ९७.७ वर घसरतो. तो पुन्हा ९९.४ वर आणायला सेफ्टी स्टॉक ११६ करावा लागतो आणि सरासरी साठा १४० होतो. तरीही १९० पेक्षा ५० नग कमी, सेवा तीच. एकाच सप्लायरकडून बरेच आयटम येत असतील तर गाडीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, आणि आठवड्याची ऑर्डर परवडते.

पायरी ७: साठा न वाढवता सेवा वाढवता येते का, ते बघा

पहिला उपाय वर आलाच: सप्लायरची नियमितता. खरेदीच्या करारात भाव आणि दिवस लिहिलेले असतात. दिवसांतला फरक किती चालेल हे क्वचितच लिहिलेलं असतं. ते लिहा. त्याला पुढच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज द्या, आणि अंदाज बदलला की कळवा. रात्री नऊला फोन करून "उद्याच हवं" म्हणणारा ग्राहक आपण असू, तर अनियमितपणात आपलाही हात आहे.

दुसरा, साठा एकत्र ठेवणं. चार डेपोंत वेगवेगळा सेफ्टी स्टॉक ठेवण्याऐवजी तो एका ठिकाणी आणला, आणि चारही ठिकाणची मागणी सारख्या चढउताराची पण एकमेकींशी संबंध नसलेली असेल, तर तेवढ्याच सेवेला निम्मा पुरतो. चारचं वर्गमूळ दोन. पण यातली एक मेख विसरली जाते. हा फायदा मागणीच्या चढउतारापुरता आहे. चारही डेपोंना माल देणारा सप्लायर एकच असेल आणि तोच उशीर करत असेल, तर एकत्र आणूनही तो उशीर निम्मा होत नाही. आपल्या सीलमध्ये मोठा तुकडा उशिराचाच होता, आठवतंय ना. शिवाय एकत्र साठा म्हणजे ग्राहकापासून लांब साठा. रोज हलणारे आयटम जवळ ठेवा, महिन्यातून एकदा हलणारे महाग आयटम मध्यवर्ती ठिकाणी.

तिसरा, शेवटचा फरक शेवटी करणं. एकाच मालाचे दहा प्रकार असतील तर मूळ माल एकच ठेवा आणि रंग, लेबल, प्लग, पॅकिंग ऑर्डर आल्यावर लावा. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या डेस्कजेट प्रिंटरमध्ये देशानुसार बदलणारे भाग वितरण केंद्रात बसवायला सुरुवात केली ती याच कारणाने.

आणि चौथा, फुकटचा: ग्राहकाला खरी तारीख आधी सांगणं. बऱ्याच ग्राहकांना माल आजच हवा नसतो, कधी येणार ते पक्कं हवं असतं.

जिथे हे सूत्र चालत नाही

चार महिने शून्य आणि मग अचानक ७ नग, अशा मागणीला वरचा हिशोब लावू नका. सरासरी आठवड्याला अर्धा नग येते आणि अर्धा नग कुणीच मागत नाही. अशांसाठी जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधलं अंतर वेगवेगळं मोजण्याची पद्धत दिली. मोजक्या महाग आयटमसाठी त्याहून सोपं करता येतं: एक ठेवायचा, गेला की लगेच एक मागवायचा.

आपत्तीचंही तसंच. भूकंप, जळालेला कारखाना, बंद पडलेला समुद्रमार्ग हे गेल्या ९ ऑर्डरींच्या विचलनात सापडत नाही. कमीत कमी साठ्यासाठी जगभर नाव असलेल्या टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर धोक्याचे भाग शोधून काढले आणि सेमीकंडक्टरचा दोन ते सहा महिन्यांचा साठा सप्लायरना ठेवायला लावला. २०२१ मध्ये चिपटंचाईने वाहन उद्योग अडला तेव्हा त्या साठ्याने कंपनीला बरेच महिने तारलं. त्यांनी सगळ्याच भागांचा साठा वाढवला नाही. ज्याला दुसरा सप्लायर नाही आणि जो पुन्हा उभा राहायला महिने लागतात, तेवढ्याचाच वाढवला. ही यादी सूत्रातून येत नाही, माणसांना विचारून करावी लागते.

आपणच उठवलेली लाट

टंचाई दिसली की सगळे दुप्पट ऑर्डर टाकतात, "निम्मी तरी येईल" या हिशोबाने. वरच्या कारखान्याला ती दुप्पट मागणी खरी वाटते. जे फॉरेस्टर यांनी साखळीत वर जाता जाता चढउतार कसे फुगतात ते १९६१ च्या सुमारासच दाखवलं होतं. त्याची किंमत २००१ मध्ये सिस्कोने मोजली: नेटवर्क उपकरणांची मागणी ओसरली आणि सुमारे २२५ कोटी डॉलरचा साठा वहीतून काढून टाकावा लागला. ऑर्डरींचा काही भाग ग्राहकांनी एकाहून जास्त ठिकाणी टाकलेला होता. म्हणून टंचाईच्या काळात माल वाटताना आजच्या ऑर्डरीच्या प्रमाणात वाटू नका, टंचाईपूर्वीच्या खपाच्या प्रमाणात वाटा. आणि महिनाअखेरीच्या सवलती जमतील तेवढ्या कमी करा. त्या मागणी वाढवत नाहीत, पुढच्या महिन्याची अलीकडे ओढतात.

लागू करताना

एकदम सगळ्या आयटमवर करू नका. एक सप्लायर घ्या, त्याचे ३०-४० आयटम घ्या. प्रत्येकाचा आजचा साठा आणि हिशोबाने यायला हवा तो साठा शेजारी शेजारी मांडा. काही लाल निघतील, काही दुथडी भरलेले.

इथे एक धक्का बसतो, त्याची कल्पना आधी द्या. कमी असलेले आयटम ऑर्डर टाकली की एका लीड टाइममध्ये भरतात. जादा असलेले आयटम खपाच्या गतीनेच उतरतात, काहींना वर्ष लागतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने एकूण साठा वाढतो. ज्या फायनान्सला साठा कमी करून दाखवायचं कबूल केलं, त्यांच्याच रिपोर्टात तो वर गेलेला दिसतो आणि प्रयोग तिथेच गुंडाळला जातो. मी असे दोन प्रयोग बंद पडताना पाहिले आहेत, दोन्ही वेळा हिशोब बरोबर असूनही. यावर सोपी तोड आहे: जादा आयटमच्या वाटेवरच्या ऑर्डर आधी रद्द करा किंवा पुढे ढकला, आणि त्यांना पंधरा-वीस दिवस देऊन मगच कमी आयटमच्या ऑर्डर वाढवा, काम थांबवणारे आयटम मात्र पहिल्याच दिवशी. आणि साठा कसा चढेल व कधी उतरेल याचा आलेख पहिल्या बैठकीतच फायनान्सच्या हातात द्या, म्हणजे दुसऱ्या महिन्यात तुम्हाला बोलावणं येणार नाही.